बाटली सीलबंद, ताट उघडं

काठमांडूत १९८२ साली परदेशी लोकांसाठी एक दवाखाना सुरू झाला. नाव 'सिवेक'. पाणी आणि ऊर्जा या विषयांत सल्ला देणाऱ्या एका कॅनेडियन संस्थेच्या नावातली ही आद्याक्षरं. पाण्याचं नाव लावून बसलेल्या या दवाखान्यात बहुतेक रोगी पोट धरूनच यायचे. गिर्यारोहक, दूतावासांतली माणसं, मदतसंस्थांचे कर्मचारी, पाठीवर पिशवी टाकून हिंडणारी तरुण मंडळी, सगळ्यांची एकच तक्रार. डॉ. डेव्हिड श्लिम या अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ पासून पंधराएक वर्षं तिथे काम केलं आणि या तक्रारीचा जितका बारकाईने अभ्यास केला तितका जगात फार थोड्यांनी केला असेल.

प्रवाशांना तेव्हाही एक मंत्र दिला जाई, आजही दिला जातो. उकळा, शिजवा, सोला, नाहीतर नाद सोडा. सुटसुटीत आणि पटणारा. श्लिम यांनी २००५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात या मंत्राचा पुरावा शोधायचा प्रयत्न केला. तोवर झालेली संशोधनं चाळली आणि लिहिलं की नियम काटेकोर पाळणारे आणि न पाळणारे प्रवासी जवळपास सारख्याच प्रमाणात आजारी पडलेले दिसतात. काही अभ्यासांत तर फार जपणाऱ्यांचीच अवस्था वाईट. याचा अर्थ नियम खोटा आहे असा नाही. उकळलेल्या पाण्यात जंतू मरतात, यात वाद नाही. पण नियम प्रवाशाला सांगितलेला आहे आणि स्वयंपाक दुसराच कुणीतरी करतोय, तेही भिंतीपलीकडे. तिथे काय चाललंय हे ताटाकडे पाहून कळत नाही.

आपल्याकडून परदेशी निघालेला माणूस मात्र पाण्याचीच चौकशी करतो. "तिथलं पाणी कसं आहे?" सील तपासून बाटली घेतो, खोलीत दात घासायलाही तीच वापरतो, आणि खाली जाऊन बुफेतल्या काकडी-टोमॅटोच्या चकत्यांनी ताट भरतो.

काठमांडूतल्या एखाद्या साध्या हॉटेलाचं स्वयंपाकघर कसं चालतं ते बघू. शहराला पाण्याची टंचाई जुनीच. मेलम्ची नदीचं पाणी बोगद्यातून शहरात आणायची योजना कित्येक वर्षं रखडली. २०२१ च्या मार्चमध्ये ते पाणी एकदाचं आलं, आणि त्याच वर्षी जूनच्या पुराने योजनेच्या तोंडाशी दगड-गाळ आणून टाकला. त्यामुळे टँकर आलाच, टाकीत साठवण आलीच. जिथे पाणी जपून वापरायचं तिथे पहिली काटछाट हात धुण्यात होते. ज्या पाटावर कच्चं चिकन कापलं त्याच पाटावर, नुसता फडक्याने पुसून, कोथिंबीर चिरली जाते. फडकंही तेच, सकाळपासूनचं. फ्रिज असतो, पण लहान आणि ठासून भरलेला, त्यात वीज गेली की उरलासुरला गारवाही जातो. आणि पोरगा, जो भाजी चिरतो, त्याला स्वतःला जुलाब होत असले तरी तो कामावर येतो, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. यातली एकही गोष्ट काठमांडूचीच खासियत नाही. लीमापासून लागोसपर्यंत आणि आपल्या गल्लीतल्या खानावळीपर्यंत हेच चित्र.

अशा स्वयंपाकघरातून काय खावं आणि काय टाळावं? इथे एक गंमत आहे. बिचकलेला पर्यटक ओळखीचं काहीतरी मागवतो. थामेलसारख्या पर्यटकांच्या भागात त्याला लाझान्या मिळतो, पास्ता मिळतो, अंडं-चीज घातलेला कीश मिळतो. हे पदार्थ सकाळी एकदा रांधून ठेवलेले असतात, गिऱ्हाईक आलं की तुकडा कापून कोमट करून देतात. शेजारच्या टेबलावरचा नेपाळी माणूस मात्र वाफाळता दाल-भात खात असतो. डाळ दिवसभर चुलीवर, भात दर तासा-दीड तासाने नवा, कारण खपच तेवढा. ट्रेकर मंडळींच्या टी-शर्टांवर दाल-भाताचा जयजयकार छापलेला असतो तो चवीपुरता नाही. मोमोही तसाच. भांड्यातून थेट वाफेसकट बशीत पडलेल्या मोमोत फारसं काही टिकत नाही.

मोमोबरोबरची टोमॅटोची चटणी ही मात्र वेगळी बाब. ती सकाळी वाटलेली, टेबलावर उघडी, येणाऱ्या प्रत्येकाच्या चमच्याने ढवळलेली. मेक्सिकोत ग्वादलहारा शहरातल्या हॉटेलांमधल्या टेबलांवरच्या तिखट सॉसची संशोधकांनी तपासणी केली आणि २००२ साली निष्कर्ष छापले, तेव्हा त्यांत जुलाबाचे जंतू सापडले होते. झणझणीत तिखटाने जंतू मरतात हा समज तिकडेही आहे, आपल्याकडेही.

आता थोडं जंतूंविषयी. प्रवाशांच्या जुलाबांपैकी बहुतेक जुलाब जिवाणूंमुळे होतात, आणि त्यांतला म्होरक्या म्हणजे ई. कोलायचा एक विषारी प्रकार. तो आतड्याला चिकटतो, विष सोडतो, आणि आतड्याच्या पेशी क्षार व पाणी शोषण्याऐवजी बाहेर ओतू लागतात. ब्रिटिश सैनिक एडनमध्ये आजारी पडत होते, त्यांच्या तपासणीतून १९७० साली हा संबंध स्पष्ट होऊ लागला. या जंतूची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. निरोगी माणसाला पाडायला तो लाखो-कोट्यवधींच्या संख्येने पोटात जावा लागतो. चाकूवरून भाजीवर उतरलेले पाच-पन्नास जिवाणू सहसा काही करत नाहीत. पण तीच भाजी उबेत सहा तास राहिली तर? सोयीच्या हवामानात हा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. सहा तासांत अठरा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे अडीच लाखांहून जास्त. सावकाराच्या चक्रवाढ व्याजालाही हा वेग साधणार नाही. म्हणून माझ्या मते प्रवाशाने विचारायचा खरा प्रश्न एकच: हे अन्न विस्तवावरून उतरून किती वेळ झाला, आणि मधल्या काळात त्याला कुणाकुणाचे हात लागले? अन्नशास्त्रातले लोक ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्याला धोक्याचा पट्टा मानतात. त्यात दोन तासांपेक्षा जास्त वेळ राहिलेलं अन्न नको, आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

सगळेच जंतू इतके मोठे लवाजमे घेऊन येत नाहीत. आव पाडणाऱ्या शिगेलाला दहा ते शंभर जीव पुरतात, नोरोव्हायरसला त्याहूनही कमी. तिथे वेळेपेक्षा हात महत्त्वाचे, आणि नोरोव्हायरस खिशातल्या सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. साबण आणि वाहतं पाणी याला तिथे पर्याय नाही.

"गरम करून दिलंय ना, मग झालं" या समजाला एका विमानाची गोष्ट पुरेशी आहे. फेब्रुवारी १९७५ मध्ये जपान एअरलाइन्सचं एक विमान टोकियोहून अलास्कातल्या अँकरेजमार्गे कोपनहेगनला आणि पुढे पॅरिसला निघालं होतं. आत ३४४ प्रवासी. अँकरेजला चढवलेल्या नाश्त्यात हॅम घातलेलं ऑम्लेट होतं. ते करणाऱ्या स्वयंपाक्याच्या बोटांवर जखमा होत्या आणि त्यांत स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू. ऑम्लेटं तयार होऊन कित्येक तास नुसतीच ठेवलेली. विमानात ती भट्टीत चांगली तापवली गेली, जंतू मेलेही असतील, पण त्यांनी आधीच सोडलेलं विष उष्णतेला भीक घालत नाही. कोपनहेगनला उतरण्याआधीच ओकाऱ्या सुरू झाल्या. १९० हून अधिक माणसं आजारी पडली. वैमानिक वाचले, तेही योगायोगाने. ते अँकरेजलाच चढले होते, त्यांच्या शरीराच्या घड्याळाप्रमाणे ती नाश्त्याची वेळ नव्हती, म्हणून त्यांनी ऑम्लेट सोडून जेवण घेतलं. भाताचंही असंच आहे. बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू बीजाणूंच्या रूपात शिजण्यातूनही तगतो, भात तसाच बाहेर राहिला की वाढून विष करतो, आणि दुसऱ्या दिवशी परतलेल्या फ्राइड राइसमध्ये ते विष जसंच्या तसं असतं. घरी फोडणीचा भात खाऊन आपल्याला काही होत नाही, हे बरेचदा खरं असतं. घरी किती वेळ बाहेर राहिला ते आपल्याला माहीत असतं, एवढाच फरक.

शाकाहारी मराठी प्रवाशाची अडचण इथे जरा तपशीलाने सांगायला हवी. अनोळखी देशात मेनू कळत नाही, कशात काय घातलंय याची धास्ती, मग बिचारा सॅलड, फळांचे काप, ताजा रस आणि दही यांवर राहतो. जिथे पाणी भरवशाचं नाही तिथे नेमक्या याच गोष्टी सर्वांत जोखमीच्या. मेक्सिको सिटीत १९७४ साली पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. आलेल्या डॉक्टरांचा आणि त्यांच्या कुटुंबीयांचा संशोधकांनी पाठपुरावा केला. त्यांतली जवळजवळ निम्मी मंडळी जुलाबाने आजारी पडली, आणि विषारी ई. कोलायच्या संसर्गाचा संबंध कच्च्या भाज्यांच्या सॅलडशी लागला. पोटाचे डॉक्टर, पोटाची परिषद, आणि पोटच बिघडलं. तेव्हा शाकाहारी माणसाने कच्च्याऐवजी शिजलेलं शोधावं. साधा उकडलेला बटाटा, तव्यावरून उतरलेली रोटी, उकळतं सूप, आपल्या हातांनी सोललेलं केळं किंवा संत्रं. सोबत नेलेला चिवडा आणि खाकरे अडीनडीला उत्तम, कारण कोरड्या पदार्थात जंतू वाढत नाहीत. 

एव्हरेस्टच्या वाटेवर मात्र शाकाहार फायद्यात आहे. खुंबूच्या वरच्या भागात धार्मिक कारणांनी जनावर मारत नाहीत. मांस खालून हमालांच्या पाठीवरून, विनाफ्रिज, दोन-तीन दिवस चढून येतं. तिथे मांसाहारी मंडळीही दाल-भाताला शरण जातात.

"आपण भारतीय, आपलं पोट सगळं पचवतं" हा अभिमान किती खरा? थोडा. ज्या जंतूंशी लहानपणापासून गाठ पडली त्यांच्याविरुद्ध शरीर काही तयारी करून ठेवतं, आणि म्हणून दिल्लीत उतरलेला स्वीडिश माणूस जितक्या सहज पडतो तितका आपण पडत नाही. पण ही तयारी ठरावीक जंतूंपुरती असते आणि सराव सुटला की ओसरते. काठमांडूत राहायला आलेल्या परदेशी लोकांवरच्या अभ्यासात दिसलं की किमान पहिली दोन वर्षं त्यांची जोखीम मोठीच राहते, आणि बाहेर जेवणं हे तिचं ठळक कारण. पुण्या-मुंबईत आरओचं पाणी पिऊन वाढलेल्या मुलाची तयारी त्या स्वीडिश माणसाच्या जवळ सरकली आहे.

पाण्याकडे आता वळू, कारण ताट महत्त्वाचं म्हणून पाणी बिनमहत्त्वाचं होत नाही. उकळणं हा सर्वांत भरवशाचा उपाय. खळखळ उकळी एक मिनिट, आणि दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. उंचीवर पाणी लवकर उकळतं, म्हणून जंतू मरत नाहीत असा एक गैरसमज ट्रेकमध्ये हमखास ऐकू येतो. मानससरोवराच्या काठी, साधारण ४,६०० मीटरवर, पाणी ८५ अंशांच्या आसपास उकळतं. पोट बिघडवणारे जंतू त्याहून कमी तापमानालाही मरतात, थोडा वेळ जास्त लागतो एवढंच. अडचण वेगळीच असते. लॉजवर थर्मासमधून मिळणारं गरम पाणी उकळलेलं असतं की नुसतं तापवलेलं, हे इंधनाच्या किमतीवर ठरतं. नेपाळमध्ये मागताना 'तातो पानी' म्हटलं तर गरम पाणी मिळेल. 'उमालेको पानी' म्हणायचं, म्हणजे उकळलेलं.

क्लोरीनच्या गोळ्या हलक्या आणि स्वस्त. गोळी टाकून अर्धा तास थांबायचं, पाणी बर्फगार असेल तर त्याहून जास्त, आणि गढूळ असेल तर आधी निवळून, फडक्यातून गाळून घ्यायचं. जिवाणू आणि विषाणू यांना गोळी पुरते, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला जुमानत नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ साली शुद्धीकरण केंद्राची गाळणी नीट चालली नाही आणि हा जीव नळांतून घरोघरी पोचला. अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. क्लोरीन होतं, तरीही. उलट पिशवीत मावणाऱ्या सूक्ष्म गाळण्या जिवाणू आणि परजीवी अडवतात, पण विषाणू त्यांच्या छिद्रांतून निसटतात. म्हणून जिथे शंका मोठी तिथे आधी गाळणी आणि मग गोळी, किंवा सरळ उकळी.

याच सिवेक दवाखान्यात १९८९ साली एक नवं कोडं आलं. जुलाब आठवडेच्या आठवडे थांबेनात, भूक मेलेली, अंगात त्राण नाही, वजन उतरलेलं. सूक्ष्मदर्शकाखाली एक अनोळखी गोल जीव दिसत होता. पुढे पेरूमध्ये त्याचा नीट अभ्यास झाला आणि लीमातल्या कायेतानो एरेदिया विद्यापीठाच्या नावावरून त्याचं नाव सायक्लोस्पोरा कायेतानेन्सिस पडलं. क्लोरीन आणि आयोडीन दोन्हींना तो पुरून उरतो. नेहमीच्या अँटिबायोटिकांचा उपयोग होत नाही. को-ट्रायमोक्सॅझोल हे जुनंपुराणं औषध लागू पडतं, हे नेपाळमध्येच सिद्ध झालं. मराठी वाचकाला यातली एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. नेपाळात सायक्लोस्पोराचा भर उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यात असतो. पाश्चात्त्य ट्रेकर तेव्हा नसतात, ते ऑक्टोबरात येतात. पण काठमांडूमार्गे कैलास-मानससरोवराला जाणारे आपले यात्रेकरू जून ते सप्टेंबर या काळातच जातात. त्या दिवसांत कच्ची पालेभाजी आणि न उकळलेलं पाणी यांना काठमांडूत हात लावू नये, आणि परतल्यावर जुलाब लांबले तर डॉक्टरांना सायक्लोस्पोराचं नाव आपण होऊन सांगावं, कारण नेहमीच्या मलतपासणीत तो वगळला जाण्याची शक्यता असते. राहिला प्रश्न मानसाच्या तीर्थाचा. उकळून निववलेल्या तीर्थाने पुण्य घटतं असं माझ्या तरी वाचनात नाही.

बर्फाबद्दल एकच. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, झोपतात. १९८५ साली अमेरिकन डॉक्टरांनी मुद्दाम दूषित केलेला बर्फ व्हिस्की, टकिला अशा पेयांत टाकून पाहिला. दारूतही जंतू जिवंत निघाले.

दारूचा विषय निघालाच आहे तर मिथेनॉल. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग वियेंग या गावात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटकांचा जीव गेला, त्यांतल्या दोन जणी एकोणीस वर्षांच्या होत्या. मिथेनॉल वासाने किंवा चवीने ओळखू येत नाही. सुरुवातीला नेहमीची नशा वाटते, आणि बारा ते चोवीस तासांनी डोळ्यांपुढे धुकं येतं, पोटात आणि डोक्यात कळा येतात, श्वास जोरात चालतो. तेव्हा ती 'उतरत नसलेली नशा' समजून झोपवून ठेवणं घातक. मोठं रुग्णालय गाठायचं आणि मिथेनॉलचा संशय स्पष्ट शब्दांत सांगायचा. आग्नेय आशियात फुकट वाटलेले 'शॉट' आणि बादलीतलं कॉकटेल नको. सीलबंद बिअर पुरे.

श्रीमंत देशात गेलं की ही सगळी काळजी मिटते का? पाण्यापुरती बरीचशी मिटते. जपान, सिंगापूर, पश्चिम युरोप इथे नळाचं पाणी बेलाशक प्यावं. रोममध्ये रस्तोरस्ती अखंड वाहणारे लोखंडी नळ आहेत, लोक बाटल्या तिथेच भरतात. तिथे चार युरो देऊन बाटली घेणं म्हणजे पैसे गटारात. फक्त एखाद्या नळावर पिण्यायोग्य नाही अशी पाटी असेल तर ती पाळायची. अन्नाचं मात्र तसं नाही, आणि २०११ सालची जर्मनी त्याला साक्ष आहे.

त्या वर्षी मे महिन्यात हॅम्बर्गच्या आसपास रक्ती जुलाबांची साथ पसरली. रोग्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, आणि रोगी बव्हंशी धडधाकट प्रौढ, त्यांतही स्त्रिया जास्त. आधी संशय स्पॅनिश काकड्यांवर आला. स्पेनच्या शेतकऱ्यांना टनांवारी भाजी फेकून द्यावी लागली. काकड्या निर्दोष निघाल्या. शेवटी माग लागला तो लोअर सॅक्सनीतल्या एका सेंद्रिय शेतावरच्या मोडांचा, आणि मागे जात जात इजिप्तमधून आलेल्या मेथीदाण्यांचा. मेथी! त्याच दाण्यांच्या मोडांनी जूनमध्ये फ्रान्सात बोर्दोजवळही माणसं आजारी पाडली. एकूण ३,८०० हून अधिक रोगी आणि पन्नासहून अधिक मृत्यू. उत्तर जर्मनीत फिरून गेलेले स्वीडिश आणि अमेरिकन पर्यटकही त्यांत होते. कारण सोपं आहे. मोड यायला जे लागतं, ऊब, ओल आणि दोन-तीन दिवस, तेच जंतूला लागतं. दाण्याच्या भेगेत एखादा जरी असला तरी मोड येईतो त्याची फौज होते, आणि ती वरवर धुऊन जात नाही. आपली आजी मटकीला मोड आणायची पण नंतर उसळ शिजवायची. कच्चे मोड वाटीभर खाण्याची तब्येतदार फॅशन अलीकडची आहे. युरोपातल्या हॉटेलात सँडविचवर पेरलेले ते नाजूक पांढरे मोड मी तरी बाजूला काढतो.

इतकं सांभाळूनही पोट बिघडेल. गरीब देशांच्या दोन आठवड्यांच्या सहलीत ठिकाणानुसार दहांतले तीन ते सात प्रवासी आजारी पडतात असा वैद्यकीय पुस्तकांचा हिशेब आहे. म्हणून बॅगेत सगळ्यात आधी ओआरएसची पाकिटं हवीत. ओआरएसमागचा इतिहास आपल्या शेजारचा आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमधल्या बनगावला आले, पटकीची साथ आली, आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटं करवून घेतली, पिंपांत पाणी कालवलं आणि आयाबहिणींच्या हाती पेले दिले. मृत्युदर तीस टक्क्यांच्या घरातून चारच्या खाली आला. विष आतड्याचे बाकी दरवाजे बिघडवतं, पण साखर आणि मीठ जोडीने आत नेणारा दरवाजा शाबूत राहतो आणि त्यांच्यामागे पाणी आत शिरतं. म्हणून दोन्हींचं प्रमाण महत्त्वाचं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. कोला, डबाबंद रस, खेळाडूंची पेयं यांत साखर फार, त्याने जुलाब वाढू शकतात. आपल्याकडे तर गोड पेयांच्या खोक्यांवर 'ओआरएस' छापून ती औषधांच्या दुकानांत सर्रास विकली जात. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहूनच घ्यावं.

औषधांच्या बाबतीत आपला हात फार सैल आहे. ओफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलची गोळी आपण बडीशेपेसारखी देतो. साध्या, तापरहित जुलाबाला अँटिबायोटिक लागतच नाही. दक्षिण आणि आग्नेय आशियात या जातीच्या औषधांना जंतू मोठ्या प्रमाणात सरावलेलेही आहेत. नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०१७ साली छापलेल्या अभ्यासात दक्षिण आशियात जाऊन आलेल्या दर चारांपैकी तीन डच प्रवासी औषधांना दाद न देणारे जिवाणू आतड्यांत घेऊन परतले होते, आणि प्रवासात अँटिबायोटिक घेतलेल्यांत ते जास्त. तो दक्षिण आशिया म्हणजे आपणच. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड लांबच्या बसप्रवासापुरतं ठीक, पण ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ते घेऊ नये. अशा वेळी, किंवा लहान मूल सुस्तावलं आणि लघवीला होईनासं झालं तर, डॉक्टरच गाठावा.

लशींची गोष्ट निघण्याच्या दोन-चार आठवडे आधीची. हिपॅटायटिस ए हा काविळीचा प्रकार आपल्या मागच्या पिढीला बालपणीच नकळत होऊन गेलेला असायचा. आज स्वच्छ पाण्यात वाढलेल्या तरुणांना तो झालेला नसतो आणि मोठेपणी तो जड जातो. विषमज्वराची संयुग्मी लस एका टोचणीत भागते. ती हैदराबादेत बनली आणि सरकारी कार्यक्रमातून मुलांना देणारं जगातलं पहिलं शहर म्हणजे आपलं नवी मुंबई, २०१८ साली.

ही लस सर्वांत जास्त गरजेची कुणाला, हे ऐकून अमेरिकेतल्या मराठी मंडळींना नवल वाटेल. तिकडे आणि ब्रिटनमध्ये सापडणाऱ्या विषमज्वराच्या रोग्यांत मोठा वाटा दक्षिण आशियात नातेवाइकांकडे जाऊन आलेल्यांचा असतो. पर्यटक घाबरून डॉक्टरकडे जातो. न्यू जर्सीचा दादा म्हणतो, "अहो, मी घरीच तर चाललोय." मग तिथे जन्मलेली पोरं मावशीकडच्या लग्नात मठ्ठा पितात, आत्याकडे बर्फ घातलेला उसाचा रस घेतात, आणि नाही म्हणायची सोय नसते. हा ताप लगेच येत नाही. एक ते तीन आठवड्यांनी येतो, म्हणजे बहुधा परत पोचल्यावर, आणि कावीळ तर सात आठवड्यांपर्यंत केव्हाही. तिकडच्या डॉक्टरला हा रोग क्वचितच दिसतो. म्हणून दवाखान्यात पाऊल टाकताच पहिलं वाक्य प्रवासाचं असावं: कुठे गेलो होतो, कधी परतलो. आणि रक्ताचं कल्चर अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच घ्यायला सांगावं, एकदा गोळ्या पोटात गेल्या की त्यातून जंतू सापडणं अवघड होऊन बसतं.